फुलं पिकल्याची खूण

किचनर, कॅनडा
२७ ऑगस्ट २०२३

ती. दामूकाकांस,
साष्टांग नमस्कार.

मी पूर्णिमा, तुमच्या धाकट्या भावाची, हेरंबची मुलगी. हे असं सांगावं लागतंय याची लाज वाटते, पण आई गेली तेव्हा फोन झाला होता तो शेवटचा, आणि तोही काकूंशीच. टाइप केलेलं तुम्ही वाचत नाही असं काकू तेव्हा म्हणाल्या होत्या. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवते आहे.

एका बाबतीत तुमचा सल्ला हवा आहे. आमच्या मागच्या अंगणात गांजाची चार झाडं आहेत. दचकू नका. इथे कायद्याने एका घरात चार झाडं लावता येतात. शेजारच्या बाई टोमॅटोच्या शेजारीच लावतात. आमची झाडं आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत, शेंड्यांना फुलं धरायला लागली आहेत, आणि ती कापायची कधी हेच कळत नाही. इंटरनेटवर दहा माणसं दहा गोष्टी सांगतात. लवकर कापलं तर माणूस बेचैन होतो, उशीर झाला तर नुसता झोपून राहतो म्हणे. एका वयस्कर ओळखीच्या गृहस्थांसाठी लावली आहेत. त्यांना फार दुखतं.

मी दहा वर्षांची असताना आईबरोबर डिसेंबरात बडोद्याला आले होते. कारेलीबागेच्या गॅलरीत तुम्ही माझ्या हातात भिंग दिलंत आणि तुळशीच्या पानावरचे केस दाखवलेत. वास त्या केसांतून येतो, असं सांगितलंत. झाडाकडे इतकं जवळून बघणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.

बाबा बरे आहेत. सोहम सतरा वर्षांचा झाला.

तुमची,
पूर्णिमा

---

कारेलीबाग, बडोदे
३० ऑगस्ट २०२३

चि. पूर्णिमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हात दुखतो म्हणून हे पत्र तुझी काकू लिहिते आहे. शब्द माझे आहेत.

तिकडचा कायदा काय म्हणतो याच्याशी मला कर्तव्य नाही. आम्ही गुजरातेत राहतो, इथे दारूच्या एका बाटलीपायी माणूस चौकीत रात्र काढतो. आणि या झाडापायी आप्पांनी, तुझ्या आजोबांनी, आपल्या घरातलं एक माणूस कायमचं घराबाहेर काढलं. तुला ठाऊक नसेल तर बापाला विचार.

वयस्कर गृहस्थ वगैरे मला पटलेलं नाही. मी एकोणचाळीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. "सर, एका मित्रासाठी विचारतोय" असं म्हणणारे पुष्कळ पाहिले, आणि तो मित्र कोण हे मला दर वेळी कळत असे. तुझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, हे तूच लिहिलं आहेस. त्याच्याकडे लक्ष दे.

या बाबतीत मी काहीही सांगणार नाही.

तरी एक विचारतो. तुरा धरतं ते मादी झाड. चारही मादी आहेत हे तू तपासलंस का? एखादा नर असेल तर पराग उडून सगळ्या फुलांत बिया धरतील, आणि मग कधी कापायचं हा प्रश्नच उरणार नाही. नराच्या कळ्या द्राक्षाच्या घोसासारख्या खाली लोंबतात. मादीच्या फुलातून दोन पांढरे धागे वर येतात. एवढं पाहून घे.

दामोदर

(वेगळ्या कागदावर)

पूर्णिमा, हे चहा प्यायला उठलेत तेवढ्यात लिहिते. त्यांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. हात वगैरे काही दुखत नाही त्यांचा. दोन वर्षं झाली, डोळ्यांसमोरचं मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. माणूस समोर बसून बोलत असतो आणि हे त्याच्या कानाकडे बघत असतात. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच राहील. तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

आणि मला खरं सांग. "बाबा बरे आहेत" हे तू एवढं तुटक का लिहिलंस?

सरोजिनीकाकू

---

किचनर
३१ ऑगस्ट

काकू,

हे फक्त तुमच्यासाठी. वाचून दाखवू नका.

ते गृहस्थ म्हणजे बाबाच. मार्चमध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. त्यांनी दोनदा केमोचं औषध घेतलं आणि तिसऱ्या वेळी नको म्हणाले. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलं आहे. दुखण्यावर मॉर्फिन चालू आहे, पण ते घेतलं की दिवसभर गुंगीत असतात, आणि अन्न समोर आलं की तोंड फिरवतात. गांजाने भूक लागेल, थोडं जागं राहता येईल, असं घरी येणाऱ्या नर्सनेच सुचवलं. दुकानात मिळतं. मी डबी आणलीही. बाबांनी उघडून वास घेतला आणि बंद केली. मे महिन्यात त्यांनी स्वतः बिया रुजत घातल्या होत्या. म्हणाले, "मी लावलंय ना? मग मी थांबतो."

काका सोडून विचारावं असं कोणी नाही, हे त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, मग तुमचं नाव घालून विचारते. तर म्हणाले, "नको. माझं नाव घातलंस तर दादा कागद घडी घालून ठेवून देईल. झाडाबद्दल विचार. झाडाबद्दल त्याला गप्प बसवत नाही."

पूर्णिमा

---

बडोदे
२ सप्टेंबर

पूर्णिमा बेटा,

काल दिवसभर मी स्वयंपाकघरातच राहिले. हे दोनदा येऊन विचारून गेले, काय झालं? म्हटलं, कांदा कापतेय. चातुर्मासात आमच्या घरी कांदा येत नाही, पण तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

या दोघा भावांनी एकमेकांचं नाव न घ्यायचा पण केला, आणि आम्ही दोघी जावा दर दिवाळीला चोरून फोन करत राहिलो. तुझी आई गेली आणि तेही थांबलं. आता मला वाटतं, आम्ही चोरून केले तेच चुकलं. मोठ्याने करायला हवे होते.

ह्यांना लगेच सांगू नकोस. ताठा आडवा येईल, मग आतल्या आत कुढतील आणि लिहिणार नाहीत. त्यांना विद्यार्थी मिळवून दे. रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारलेलं नाही त्यांना. नर-मादीचा तुकडा लिहवून घेताना खुर्चीत ताठ बसले होते. पुष्कळ दिवसांनी.

फोटो पाठवू नकोस. फोटो आला की मोबाईल डोळ्याला लावतात आणि मग चिडतात.

स. काकू

---

किचनर
४ सप्टेंबर

ती. काकांस सा. न.

तुम्ही विचारलंत ते बरं झालं. चारांतलं एक नर निघालं. कोपऱ्यातल्या झाडाला घोस लोंबत होते, उघडायच्या बेतात. त्याच दिवशी उपटलं. आता तीन राहिली.

ती सोहमसाठी नाहीत, हे मी शपथेवर सांगते. त्याला या वासाने शिंका येतात. ज्यांच्यासाठी आहेत ते खरंच आजारी आहेत आणि खरंच म्हातारे आहेत. एवढ्यावर विश्वास ठेवा आणि पुढचं शिकवा. काय बघायचं आणि कसं बघायचं? माझ्याकडे सोहमच्या शाळेतलं भिंग आहे.

पूर्णिमा

---

कारेलीबाग
८ सप्टेंबर

चि. पूर्णिमास आशीर्वाद.

शपथ घेतलीस तेव्हा पुढे लिहितो. या झाडाला मी आयुष्यभर हात लावलेला नाही, पण केस सगळ्या झाडांचे सारखेच वाचायचे असतात.

आधी भिंग बाजूला ठेव. नुसत्या डोळ्यांनी पाहा. फुलांतून जे पांढरे धागे वर आलेत ते सध्या ताठ असतील. ते ताठ आणि पांढरे आहेत तोवर झाड अजून परागाची वाट बघतंय, असं समज. मग ते वाळून तपकिरी होतील आणि आत वळतील, आणि त्यांच्या खालची फुलाची पुटकुळी फुगेल. खालची मोठी पानं पिवळी पडून आपोआप गळतील. घाबरू नकोस, झाड स्वतःचं सामान आवरत असतं. पण तेवढ्यावर कापायचं नाही. धागे फसवतात. वाऱ्याने, पावसाने, तुझ्या हाताने चोळले गेले तरी तपकिरी होतात.

आता भिंग. फुगलेल्या पुटकुळीवर बघ, पानावर नव्हे. पानावरचं आधी पिकतं आणि त्याने घाई होते. तिथे टाचणीसारखे केस दिसतील. बारीक दांडा, वर गोल डोकं. झाडाचा सगळा गुण त्या डोक्यात. ते आधी पाण्यासारखं स्वच्छ असतं. मग दुधाळ होतं. मग सोनेरी व्हायला लागतं. पाणी दिसतं तोवर कच्चं. सगळं सोनेरी झालं की गुण उतरायला लागला. मधे कुठेतरी तुला हवी ती वेळ आहे, आणि ती झाडागणिक वेगळी. म्हणून इंटरनेट उपयोगाचं नाही.

फोटो पाठवू नकोस. दर आठवड्याला शब्दांत लिही. माझ्या वर्गात नियम होता, ज्याने पाहिलेलं शब्दांत लिहिलं नाही, त्याने पाहिलंच नाही. रंग नीट लिही. "पिवळसर" असं लिहिलंस तर शून्य मार्क.

दामोदर

ता. क. त्या गृहस्थांना दिवसा आराम हवा आहे की झोप लागायला हवी आहे? ते विचारून कळव. त्यावर ठरेल.

---

किचनर
१७ सप्टेंबर

ती. काकांस सा. न.

त्यांना दोन्ही हवं आहे. दिवसा बसून हातात पेन्सिल धरता यावी, आणि पहाटे तीनला जाग येते ती येऊ नये.

या आठवड्याची पाहणी. मधल्या झाडाचे धागे निम्मे वळलेत. त्यांचा रंग तांब्याचा, पण घासलेल्या नव्हे, देवघरात आठ दिवस राहिलेल्या तांब्याचा. पुटकुळीवरचे मणी बहुतेक दुधाळ आहेत. दूधही तापवलेलं नाही. नासायच्या आधी कडेला जरा निळसर दिसतं ते. शंभरात पाचसात मणी वेगळे, चिमणाबाईच्या टोपलीतल्या बोरासारखे, म्हणजे देठाकडे अजून हिरवट आणि गालावर मध लागल्यासारखे. घराजवळच्या झाडाचे मणी अजून निम्मे पाण्यासारखे आहेत. कुंपणाकडचं पिकण्यात या दोघांच्या मधे आहे, पण त्याचा तुरा फार दाट आहे, बोट आत जात नाही.

वास आता गल्लीपर्यंत जातो. शेजारच्या बाई हसून विचारतात, "अजून नाही?"

पूर्णिमा

---

कारेलीबाग
२६ सप्टेंबर

हेरंब,

चिमणाबाई अडुसष्टच्या उन्हाळ्यात गेली. खंडेराव मार्केटच्या पायरीवरची तिची टोपली तू पाहिलीस आणि मी पाहिली. ऐंशीनंतर कॅनडात जन्मलेल्या मुलीला त्या बोरांचा रंग ठाऊक असायचं कारण नाही.

सरोजिनीने ती ओळ वाचली. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचली, पण आवाज तोच राहिला नाही. मी विचारलं, हेरंबला काय झालंय? मग तिने सगळं सांगितलं.

त्याला आठ दिवस झाले. सोसायटीचा गणपती बसला, दोन्ही वेळच्या आरत्या झाल्या, मी खाली उतरलो नाही. आज लिहितो आहे. लिहिते तीच, तिच्यासमोर बोलावं लागतंय हे एका परीने बरं आहे. लपवता येत नाही.

पाणीगेटच्या घराच्या गच्चीवर टाकीमागे तू रंगाच्या डब्यात ते झाड लावलं होतंस. मी नुकता लेक्चरर झालो होतो आणि मला सगळं कळत होतं. ते मी उपटून आणून आप्पांच्या पाटाशेजारी ठेवलं. आप्पा जेवत होते. तुला मी एक शब्द विचारला नाही. आप्पांनी तुला दार दाखवलं तेव्हा मी दारातच उभा होतो, आणि तुला वाट द्यायला बाजूला सरकलो. तेवढंच केलं मी. आडवा झालो असतो तर तू थांबला असतास. आपण सगळे थांबलो असतो.

एकोणपन्नास वर्षं मी लोकांना सांगत आलो की आप्पांनी तुला घालवलं. खरी गोष्ट अशी की, त्या आठवड्यात आप्पा रोज पानावर बसताना विचारायचे, "हेरंब आला का?" चौथ्या दिवशी मला म्हणाले, "त्याच्या चित्रकलेच्या कॉलेजात जाऊन बघ." मी गेलो नाही. जाऊन आलो असं सांगितलं. तू दिल्लीला निघून गेलास हे नंतर कळलं. आप्पा जाईपर्यंत मी हे कोणाला सांगितलं नाही. सरोजिनीलाही आत्ता कळतंय. ती लिहायची थांबली आहे. मी म्हटलं, लिही.

ते झाड मी उकिरड्यावर नेलं तेव्हा नीट पाहिलं. त्याला अजून फूलसुद्धा धरलं नव्हतं.

मला समोरचं दिसत नाही आता. पूर्णिमाला फोटो नकोत म्हणालो ते म्हणून. नियम वगैरे काही नव्हता. पण तुझ्या ओळी वाचल्यावर ती झाडं मला दिसली. दोन वर्षांत इतकं स्वच्छ काही दिसलं नव्हतं.

तू लिहिलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. फोन करणार असलास तर आमच्या संध्याकाळी सहाला कर. तेव्हा मी गॅलरीत असतो.

दामोदर

---

किचनर
२८ सप्टेंबर

दादा,

पूर्णिमा लिहिते आहे. माझी अक्षरं आता कागदावरून घसरतात.

चिमणाबाई मी मुद्दाम घातली. ओळखतोस का बघायचं होतं. पोरीला वाटलं, हे कुठल्या तरी जातीच्या बोराचं नाव.

मी ओढत होतो, दादा. तू काही खोटं पकडलं नव्हतंस. ते झाड समोर ठेवून चित्र काढायचं म्हणून लावलं होतं, हेही खरं. दोन्ही खरं होतं, पण एकविसाव्या वर्षी मला त्यातलं एकही सांगता आलं नसतं. आणि मीही परत फिरून आलो नाही. दिल्लीहून बडोद्याला गाडी येते, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे.

आप्पांचं वाचलं. पूर्णिमाला म्हटलं, पुरे. परत वाचू नको. एकदाच ऐकायचं ते.

उद्या तुमच्या सहाला फोन करतो. बोलायला काही सुचलं नाही तर फुलांबद्दल बोलू.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, फार लिहायला लावलं आम्ही.

हेरंब

---

किचनर
५ ऑक्टोबर

ती. काकांस सा. न.

तुम्ही दोघं फोनवर भांडलात आणि बाबांनी फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. ते झोपलेत.

चार दिवस पाऊस होता. आज कुंपणाकडच्या दाट तुऱ्यातलं एक पान वाळलेलं दिसलं. ओढलं तर सुटून हातात आलं. तुरा उघडला तर आत राखाडी कापूस. खाली अजून दोन ठिकाणी तसंच. आणि परवा पहाटे पारा शून्याखाली जाणार असं हवामानखातं सांगतंय.

बाबा म्हणतात, आणखी दहा दिवस थांबायचं, सगळे मणी बोरासारखे होईपर्यंत. तुम्ही म्हणालात ते मला अर्धवट ऐकू आलं. "मी काही सांगणार नाही, मी एकदा घाई केली आहे" असं म्हणालात ना? मग बाबा चिडले. म्हणाले, "मग कोण सांगणार?"

काका, बाबांचं वजन सेहेचाळीस किलो आहे. ते दहा दिवस थांबू शकतील का, हे मला माहीत नाही, आणि हे मी त्यांना विचारू शकत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं मी करीन आणि माझ्या अंगावर घेईन.

मधल्या झाडाचे मणी सगळे दुधाळ आहेत, दहाबारा बोरं. पाण्यासारखा एकही नाही. घराजवळच्या झाडावर अजून शंभरात दहा पाण्यासारखे.

पूर्णिमा

---

कारेलीबाग
६ ऑक्टोबर, सकाळ

पूर्णिमा,

तुझ्या अंगावर काही घेऊ नकोस. हे माझं काम आहे.

कुंपणाकडचं झाड आज मुळासकट काढ आणि सगळंच टाकून दे. चांगला दिसणारा शेंडासुद्धा ठेवायचा नाही. आजारी माणसाच्या पोटात बुरशीचा कण जाता कामा नये. ते करताना वापरलेली कात्री आणि हात धुऊन मगच दुसऱ्या झाडापाशी जा.

मधलं आज काप. ते तयार आहे. त्याच्यात झोप कमी आणि जागेपणी आराम जास्त, हेरंबला पेन्सिल धरायची आहे त्यासाठी हेच. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत फांद्या उलट्या टांग, एकमेकींना लागणार नाहीत अशा. आठदहा दिवसांनी बारीक काडी वाकली तर थांब, कटकन मोडली तर झालं.

घराजवळचं राहू दे. आज संध्याकाळी त्याच्यावर जुनी चादर टाक, काठ्यांवर, फुलांना टेकणार नाही अशी. ऊन आलं की काढ. भिंतीची ऊब त्याला मिळते, ते थंडी सोसेल. ते आठवडाभराने काप, अर्धी बोरं झाली की. ते रात्रीसाठी. तुपात किती आणि पोटात किती हे नर्सला विचारून, पहिल्या दिवशी कमीत कमी.

बापाला सांग, दादाने सांगितलं आहे. ऐकला नाही तर सांग, या वेळी त्याने विचारूनच सांगितलं आहे.

दामोदर

---

किचनर
२६ नोव्हेंबर

ती. काकांस आणि काकूंस सा. न.

त्या दिवशी फोनवर मला नीट बोलता आलं नाही. म्हणून आता लिहिते.

बाबा एकोणीस तारखेला सकाळी गेले, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधीचं सांगायचं आहे. मधल्या झाडाचं तूप आम्ही सतरा ऑक्टोबरला पहिल्यांदा दिलं, नखाएवढं. दोन तासांनी त्यांनी वरणभात मागितला. मी इतकी घाबरले की कुकरला शिट्टी लावायला विसरले. चार घास खाल्ले. दुखणं गेलं असं नाही, मॉर्फिनही सुटलं नाही, पण ते म्हणाले, दुखणं पलीकडच्या खोलीत जाऊन बसलंय. पुढे जवळजवळ तीन आठवडे ते रोज दीडदोन तास उशीला टेकून बसत. सोळा चित्रं काढली, पोस्टकार्डाएवढी. सोहमला समोर बसवून त्याचे कान काढले. दिवाळीला फराळाचा वास घेतला आणि लाडू माझ्या हातावर ठेवला. रात्री घराजवळच्या झाडाचं. पहाटे तीनची जाग बंद झाली. शेवटचे पाच दिवस नुसते झोपून होते, पण चेहरा आवळलेला नव्हता. नर्सने दोनदा येऊन पाहिलं.

एक विचारायचं आहे. रोज आमच्या सकाळी, तुमचा फोन लागला की बाबा मला दार ओढून घ्यायला सांगत. मी पलीकडे भांडी आवरत असायची. हसल्याचं ऐकू यायचं, बोलणं नाही. अर्धा अर्धा तास तुम्ही काय बोलत होतात? सांगायचं नसेल तर राहू द्या.

तुमची,
पूर्णिमा

---

कारेलीबाग
३ डिसेंबर

चि. पूर्णिमास,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. काकूने जाड काळं पेन आणि शाळेचा आखीव कागद दिला आहे. डोळा कडेला वळवून लिहितो. ओळ वर चढली तर तू कागद वाकडा धर.

तुला वाटत असेल, आम्ही आप्पांबद्दल बोलत होतो, जुन्या गोष्टींबद्दल. ते आम्ही पत्रात उरकलं होतं. ते एक भांडण सोडलं तर फोनवर कधी निघालं नाही. पहिल्या दिवशी हेरंबने विचारलं, "दादा, तुला नेमकं काय दिसतं?" मी म्हटलं, मध्ये काही नाही, कडेला थोडं. तो म्हणाला, "मग मधलं मी सांगतो." आणि खिडकीतून जे दिसत होतं ते सांगायला लागला. झाडं होती तोवर झाडं. ती कापल्यावर कुंपण, शेजारणीची मांजर, पानगळ, सोहमची सायकल. प्रत्येक गोष्टीला रंग, आणि तो बडोद्यातला. तुमच्या रस्त्यावरचा बर्फ त्याने मला सुरसागर तलावावरच्या थंडीतल्या धुक्याशी ताडून दाखवला. मी मधेमधे चुका काढत असे. धुकं तसं नसतं, असं मी म्हणे. त्यावर तो हसायचा. तू ऐकलंस ते हसणं हेच. चौदा नोव्हेंबरपर्यंत असं चाललं.

चौदा तारखेला फोन तुमच्याकडून आला. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "दादा, आज तू सांग."

मी म्हटलं, मला कुठे दिसतं?

म्हणाला, "कडेचं सांग."

मग मी मान वळवली आणि कडेने जे दिसत होतं ते सांगत गेलो. समोरच्या घरच्या नयनाबेन वाळत घातलेली साडी काढत होत्या, हळदीची, नाही, चिंचेच्या फुलाच्या रंगाची. खाली ट्यूशनला आलेल्या मुलांच्या स्कूटी लावलेल्या, त्यांतली एक लाल. शेंगदाण्याच्या लारीवाल्याने हातगाडी वळणावर थांबवली होती. कडुलिंबाच्या शेंड्यावर अजून ऊन होतं आणि बुंधा अंधारात गेला होता. दोन पोपट आले, बसले नाहीत. एवढं सांगून झाल्यावर मी थांबलो. वाटलं, तो काहीतरी चूक काढेल. त्याचा श्वास संथ झाला होता. झोप लागली होती.

मी फोन ठेवला नाही. सांगत राहिलो. दिवे लागले, ते सांगितलं. मुलं क्लासमधून सुटली, ते सांगितलं. तुझी काकू चहाचा कप न्यायला आली. चहा तसाच होता. ती शेजारची खुर्ची ओढून बसली आणि मला जे दिसत नव्हतं ते हळू आवाजात सांगायला लागली, मी ते त्याला सांगत गेलो.

तुझा काका,
दामोदर